तिसऱ्या कप्प्यातली चौथी

“वाहायच्या आधी पान उलटून बघ गं. भोक पडलेलं देवाला चालत नाही, आणि अंडं असलेलं तर नाहीच नाही. दुसऱ्याचं घर मोडून आपली पूजा होत नसते.”

इंदुताईंच्या सासूबाईंना, विजयाबाईंना, जाऊन अकरा वर्षं झाली होती. तरी चातुर्मास लागला आणि बेलाची टोपली पुढ्यात आली, की हा आवाज हमखास कानाशी यायचा. एकोणीसशे छप्पन्न साली तर इंदुताईंनी लाखोलीच धरली होती. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत गल्लीतल्या महादेवाला एक लाख बेल वाहायचा, रोज साडेआठशेच्या आसपास, आपल्याच हातानं, त्याच एका पिंडीवर, एकही दिवस खंड न पाडता. शिवाय सोमवारचं मौन. सकाळच्या स्नानापासून संध्याकाळी दिवा लागेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. तशी त्यांच्या बोलण्याची पट्टी एरवीही इतकी खालची, की आज सोमवार आहे की मंगळवार हे आपल्याला पंचांगातच बघावं लागतं, असं त्यांचे यजमान माधवराव म्हणायचे.

पण वर्षानुवर्षं पानं उलटून बघता बघता इंदुताईंना देवाखेरीज आणखी एक नाद लागला होता. पानामागे काय काय दडलेलं असतं ते ज्यानं बेल निवडला त्यालाच ठाऊक. कुठं मोहरीएवढं पिवळसर अंडं, जणू नथीतून सांडलेला मोती. कुठं पाखराची शीट पडल्यासारखा काळा-पांढरा डाग; बोट जवळ नेलं की तो डाग मान वर करायचा, मानेतून नारिंगी रंगाची दोन शिंगं बाहेर काढायचा आणि उग्र वास सोडायचा. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा इंदुताई नव्या नवरी होत्या. टोपली तशीच टाकून, ते एक पान ताटलीत धरून, त्या दोन दारं सोडून राहणाऱ्या मुकुंदरावांकडे धावल्या होत्या.

मुकुंदरावांचं घराणं शिलेदारांचं. पूर्वज दक्खनेतून घोड्यावर बसून आले आणि ग्वाल्हेरचेच झाले. मुकुंदरावांनी मात्र भाल्याऐवजी जाळीची काठी हातात धरली. “शिलेदाराच्या पोटी पारधी निपजला, तोही फुलपाखरांचा!” असं त्यांचे चुलते भर पंगतीत म्हणाले होते, आणि ही गोष्ट मुकुंदराव स्वतःच हसत हसत सांगत. दरबारच्या शेतकी खात्यानं त्यांना टोळधाडीवर नजर ठेवायला घेतलं होतं. टोळ काही रोज येत नाहीत. रिकाम्या दिवसांत गडाच्या उतारावर, नदीकाठी, लोकांच्या परसात हिंडून मुकुंदरावांनी चाळीस वर्षांत खात्याच्या कचेरीत बारा कप्प्यांचं एक कपाट उभं केलं. प्रत्येक कप्प्याला काचेचं झाकण, तळाला बुचाचा थर, आणि बुचात टाचणीवर ओळीनं उभे केलेले किडे. प्रत्येकाखाली बोटाच्या पेराएवढी चिठ्ठी, तिच्यावर नाव, गाव, तारीख आणि पकडणाऱ्याचं नाव.

“घाबरलीस?” त्या दिवशी ताटलीतल्या पानाकडे बघून ते म्हणाले होते. “तो तुझ्याहून जास्त घाबरलाय. उद्याचं फुलपाखरू आहे ते. आता मोज बघू. अंगाचे भाग किती?”

“मला तर सगळं एकच दिसतंय काका.”

“मग आधी मोठ्यांकडे बघ.” आणि त्यांनी पेटीतला एक भुंगा भिंगाखाली धरला. “डोकं, छाती, पोट. तीन भाग. पाय सहा, तेही सगळे छातीलाच. पंख असले तर तेही छातीलाच. पोटाकडे खाणं आणि वंश, एवढीच कामं. पाय आठ मोजलेस तर तो कोळी. त्याला आपल्या दरबारात मान नाही.”

“पण ह्या अळीला तर पायच पाय आहेत.”

“पुढचे सहा खरे. मागचे नुसते पोटाचे टेकू, वयात आली की जातात. आणि हे बघ, कुशीवर बारीक ठिपके आहेत ना? ती तिची नाकं.”

“इतकी?”

“दोन्ही कुशींवर ओळीनं. तुझा प्राणायाम दोन नाकपुड्यांचा. हिचा बघ.”

इंदुताईंना त्या रात्री जेवण गेलं नव्हतं. भीतीनं नव्हे, आजवर आपण ह्या जीवांना नुसतं झटकत आलो, ह्या विचारानं.

मग शिकणं सुरू झालं ते थांबलंच नाही. मुकुंदराव फौजेच्याच भाषेत शिकवायचे. “शिपाई ओळखायचा तर आधी पलटण बघायची, मग तुकडी, मग नाव विचारायचं. किड्याची पलटण पंखांवर लिहिलेली असते. ज्याच्या पुढच्या पंखांची ढाल झालीय तो ढालपंखी, म्हणजे आपले सगळे भुंगे. ज्याला दोनच पंख, ती माशी-मच्छरांची पलटण. मागच्या दोन पंखांच्या जागी बारीक गुंड्या उरल्यात, उडताना तोल सावरायला. आणि ज्याच्या पंखाला हात लावला की बोटाला पूड लागते, ते फुलपाखरू किंवा पतंग. ती पूड नाही हं, खवले आहेत. घरावर कौलं रचावीत तसे एकावर एक रचलेले.” टोळाचं पिल्लू आईसारखंच दिसतं, नुसतं बिनपंखांचं, कात टाकत टाकत मोठं होतं. फुलपाखराचं तसं नाही. अंडं, अळी, कोश, फुलपाखरू, असे चार जन्म एकाच जन्मात, आणि एकाचं रूप दुसऱ्याला माहीत नाही.

हे सगळं इंदुताईंनी आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं. भोकाचं किंवा अंड्याचं पान पूजेतून बाजूला निघालं की त्या ते एका कंदिलाच्या जुन्या काचेत ठेवायच्या, तोंडाला मलमल बांधायच्या आणि रोज ताजी पानं द्यायच्या. अळी चार वेळा कात टाकायची. तोवर पाखराची शीट. चौथ्यांदा टाकली की एकदम हिरवीगार, जणू बेलाचंच पान चालायला लागलंय. मग एके दिवशी खाणं थांबवायची, काडीवर चढायची, आणि तोंडातल्या रेशमाचा एक धागा स्वतःच्या पाठीमागून घालून स्वतःला काडीशी बांधून घ्यायची. झाडावर चढणारा माणूस कमरेला दोर घेतो ना, तस्सा. तो धागा घालताना ती अळी मागे वाकायची तेव्हा इंदुताईंचे हात आपोआप जोडले जायचे. ह्या जीवाला हे शिकवलं कुणी? आईचं तोंड तर त्यानं कधी पाहिलेलंच नाही.

फुलपाखरू बाहेर आलं, पंख वाळले, की त्या मलमल सोडायच्या. मुकुंदरावांना त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं, “काका, माझ्या काचेतून सगळे जिवंत जाणार.”

“जाऊ देत,” ते म्हणाले होते. “तू सोडत जा, मी टोचत जातो. निवाडा महादेव करेल.”

अशी वीस-बावीस वर्षं गेली. अठ्ठेचाळीस साली संस्थान मध्यभारतात गेलं. कचेरीवरची पाटी बदलली, कपाट तिथंच राहिलं. आता मध्यभारतच मध्यप्रदेशात जाणार होता आणि राजधानी भोपाळला. माधवराव त्याच शेतकी खात्यात हेडक्लार्क. भाद्रपदातल्या एका संध्याकाळी ते हुकुमाची नक्कल घेऊन तडक मुकुंदरावांच्या ओट्यावर आले. मागोमाग इंदुताई चहा घेऊन आल्या.

“तुमचं कपाट भोपाळला चाललं काका,” माधवराव म्हणाले. “चार ठिकाणचे चार संग्रह एका जागी येणार. आठ नोव्हेंबरला तज्ज्ञ बसून तपासणार. जो बिनचूक निघेल तो नव्या राज्याचा मुख्य संग्रह. बाकीचे शाळांना वाटून टाकायचे.”

“शाळांना!” मुकुंदरावांनी बशी खाली ठेवली. “म्हणजे पंधरा दिवसांत पंख जाणार आणि महिन्याभरात टाचण्या.”

“तुम्ही खामखा घाबरता. तुमच्या कपाटात चूक निघणारच कशी?”

“एक निघाली तरी पुरे आहे माधवराव. एका नावावरचा भरवसा उडाला की बाराही कप्प्यांवर संशय. मी तपासनीस असतो तरी असंच केलं असतं.”

सोबत यादी जोडायची होती, कप्प्यावार, ओळीवार. आणि मुकुंदरावांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत चाललेला. भर उन्हात, नाकाशी धरलं तरच काही दिसायचं. यादी तोंडपाठ होती, लिहिणार कोण? “मी लिहीन,” इंदुताई म्हणाल्या.

रोज दुपारी तासभर कचेरीतल्या त्या खोलीत दोघं बसायची. शिपाई दौलतसिंह कप्पा काढून टेबलावर ठेवायचा. मुकुंदराव डोळे मिटून बोलायचे, “पहिली ओळ, डावीकडून. काळा शेणभुंगा, तीन. पुढं सोनेरी भुंगा, पाच.” इंदुताई कप्प्यातल्याशी ताडून बघत, लिहीत आणि “हं” म्हणत; मग ते पुढं जात.

तिसरा कप्पा, फुलपाखरांचा, मुकुंदरावांनी सगळ्यांत शेवटी राखून ठेवला होता. तो नेमका नवरात्रातल्या सोमवारी निघाला. इंदुताईंचं मौन. आदल्या दिवशीच त्यांनी सांगून ठेवलं होतं, की उद्या ‘हं’ ऐवजी मी टाकाचं मागचं टोक टेबलावर एकदा वाजवीन. एक टकटक म्हणजे बरोबर. मुकुंदरावांना गंमत वाटली होती. “तारायंत्रच झालं की! आणि चूक असेल तर?” तेव्हा दोघंही हसली होती. चुकीची खूण ठरवायची राहूनच गेली.

दुसरी ओळ आली. “गुलाबी,” मुकुंदराव बोलू लागले. त्यांनीच ठेवलेलं नाव. “सात. काळे पंख, मागच्या पंखावर लाल चंद्रकोरी. कडू वेल खाऊन वाढते, म्हणून पाखरं तिला तोंड लावत नाहीत. लाव खूण.”

इंदुताईंचा टाक वरच राहिला. सातांपैकी सहांची पोटं लाल होती, कुंकवात बुडवल्यासारखी. चौथीचं पोट काळं होतं.

पंख तेच. चंद्रकोरी त्याच. पोट मात्र काळं. आणि काळ्या पोटाची ही अशीच एक त्यांनी महिन्याभरापूर्वीच पाहिली होती, अंगणातल्या कढीलिंबावर. तिनं एकेका पानावर एकेक करून नऊ अंडी घातली होती. इंदुताईंनी त्या पानांना पूजेतला लाल दोरा बांधून ठेवला होता, की ही ह्या आईची. कडू वेल खाणारी जात कढीलिंबावर अंडी कशाला घालेल? अळ्या आता मोठ्या होऊन काचेत कोश करायच्या बेतात होत्या.

“इंदू? बरोबर ना?”

मौन दिव्यापर्यंत होतं. दिवा लागायला चार तास होते. दौलतसिंह दारात जांभया देत उभा होता. इंदुताईंच्या मनात आलं, चाळीस वर्षं ह्यांनी हे कपाट राखलं, भिंगातून पाहून लावलं, आणि मी कोण? बेल निवडणारी बाई. असेल एखादीचं पोट काळं. माणसांत नसतं एखादं सावळं? संध्याकाळी विचारू.

आणि हात आपोआप खाली आला. टक.

“पुढं चला,” मुकुंदराव म्हणाले.

संध्याकाळी दिवा लागला तेव्हा घरी सवाष्ण जेवायला होती. आणि खरं सांगायचं तर इंदुताईंना धीरही झाला नाही. मंगळवारी सकाळी त्या कचेरीत पोचल्या तर दौलतसिंह पेट्यांवर लाखेच्या मोहरा उठवत होता. “सब बंद हो गया बाईसाहेब. दशहरे के दूसरे दिन गाडी में. मुहर अब भोपाल में ही टूटेगी.”

दसऱ्याचं सीमोल्लंघन झालं आणि दुसऱ्या दिवशी कपाट गेलं. आठ दिवसांनी फायली घेऊन माधवरावही गेले. घरात इंदुताई, बेल, आणि कंदिलाच्या काचेत काडीला दोरा बांधून टेकलेले नऊ कोश.

धनत्रयोदशीच्या सकाळी त्या देवळातून आल्या तर काचेत हालचाल होती. पहिला कोश डोक्याशी उकललेला, आणि काडीला एक ओलं, चुरगळलेलं फुलपाखरू लटकलेलं. पंख अजून हाताच्या रुमालासारखे चोळामोळा. इंदुताई पाटावर बसून राहिल्या. पोटातलं पाणी पंखांच्या शिरांत चढत गेलं आणि घडी उलगडावी तसे पंख उलगडले. काळेभोर, मागच्या पंखावर आडवा पांढरा पट्टा. सोंड दोन धाग्यांची होती. त्यानं ती जोडून एक केली आणि घड्याळाच्या कमानीसारखी गुंडाळून घेतली. थोड्या वेळानं दुसरं आलं. तसंच, पांढऱ्या पट्ट्याचं. मग तिसरं. ह्याचे पंख उलगडताना आधी एक लाल ठिपका दिसला, मग दुसरा, मग लाल चंद्रकोरींची अख्खी रांग. पोट काळं.

एका आईची लेकरं. अंड्यांपासून इंदुताईंच्या डोळ्यांसमोर वाढलेली. भाऊ पांढऱ्या पट्ट्याचे, बहीण लाल चंद्रकोरींची, आणि ह्यांतलं कुणीच गुलाबीच्या जातीचं नाही. किती सुंदर आहे हे, असं त्यांच्या मनात आलं, आणि त्याच क्षणी तिसऱ्या कप्प्यातली चौथी आठवली.

काच पदराखाली धरून त्या मुकुंदरावांकडे गेल्या. ते ओट्यावर उन्हात बसले होते.

“काका, मी एक चूक केली. तुमचं कपाट घालवलं मी.”

“कपाट भोपाळला आहे, तू इथं. घालवलंस कसं?”

इंदुताईंनी सगळं सांगितलं. काळं पोट, लाल दोरा, मौन, टकटक. संध्याकाळी बोलायला मिळत असूनही बोलले नाही, हेही सांगितलं. सांगताना आवाज इतका खाली गेला, की मुकुंदरावांनी कानाला हात लावला. “मोठ्यानं सांग. चुकीचं काम तर हळू आवाजात झालंच, निदान कबुली तरी ऐकू येऊ दे.”

मग त्यांनी काच हातात घेतली, उन्हाकडे धरली, नाकाला टेकवली. बराच वेळ बघत राहिले.

“पोट काळं?”

“काळंच. बाजूंना थोडे पांढरे ठिपके.”

“आणि हे दोघं पांढऱ्या पट्ट्याचे, त्याच आईचे? दोरा बांधला होतास, नक्की?”

“नऊ पानांना.”

मुकुंदरावांनी काच मांडीवर ठेवली. इंदुताई शिव्या ऐकायला तयार होत्या. ते मात्र हसायला लागले, खांदे हलेपर्यंत.

“सोंग आहे हे, इंदू! बहुरूपी! कडू खाणारीला पाखरं सोडून देतात, म्हणून ही गोड मांसाची पोरगी तिचं लुगडं नेसून हिंडते. सगळं लुगडं जमलं, पोट तेवढं रंगवायचं राहिलं. मी हे वाचलेलं होतं गं! वाचून, सहकाऱ्यांना सांगून, तरी माझ्याच कप्प्यात ही बया सहा लाल पोटांच्या पंगतीत चाळीस वर्षं जेवून उठली. मी पंख बघितले, पोट नाही बघितलं. पाखरासारखा फसलो.” आणि मग हसणं ओसरलं. “तपासनीस फसणार नाही.”

“पत्र टाकूया ना काका. आजच टाकते.”

“पत्र जाईल आवकजावक बारनिशीत. मग कुणीतरी जाड्या बोटांचा बाबू मोहर फोडून टाचणी उपटेल. वाळक्या मिशा असतात त्यांच्या. श्वास लागला तरी तुटतात. आणि तुझे माधवराव? ते फाईल धरतात तशी टाचणी धरतील.” त्यांनी डोळे चोळले. “माझे डोळे असते तर मीच गेलो असतो. चोरून हलवायला नव्हे. तपासनिसाच्या समोर उभं राहून आधी सांगायचं, की ही आमची चूक, अमुक दिवशी अमुक माणसानं अशी अशी पकडली. मग टाचणी हलवायची. चूक दुसऱ्यानं काढली तर कपाट जातं. आपण काढून दाखवली तर राहतं. कदाचित राहतं.”

इंदुताईंना टाचणी धरता येत होती. मेलेल्या किड्याला हात लावून नंतर स्नान केलं की झालं. प्रश्न तो नव्हता. आठ नोव्हेंबरला कार्तिकी एकादशी पाच-सहा दिवस लांब असणार होती. जायचं म्हणजे देवळातले ते दिवस चुकणार. खंड पडणार. नव्वद हजारांच्या पुढं गेलेली लाखोली तिथंच तुटणार. आधी जास्त वाहून भरपाई होत नाही, दुसऱ्याच्या हातानं होत नाही. असा नेम त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच धरला होता, आणि पुन्हा धरण्याएवढं गुडघ्यांत बळ राहील याची खात्री नव्हती.

“मी जाते,” त्या म्हणाल्या.

“तुझी लाखोली?”

“तुटेल.”

“इंदू, मी तुला जा म्हणालो नाही.”

“नाहीच म्हणालात. टाक माझ्या हातात होता काका. सोमवारचं मौन मी देवासाठी धरलं आणि त्याच्या आड लपून खोटं वाजवलं. आता एकादशीचं पुण्य धरून घरी बसले, तर तेही तसंच लपणं होईल. मी वचन देते तुम्हाला. आठ तारखेला मी त्या खोलीत असेन आणि मोठ्यानं बोलेन.”

मुकुंदराव उठले. आत जाऊन चाचपडत त्यांनी एक बारीक चिठ्ठी आणली, कप्प्यातल्या चिठ्ठ्यांच्या मापाची, कोरी. “लिही. पांढरपट्टी, मादी, सोंगाचं रूप. ग्वाल्हेर, नदीकाठ. तारीख मूळ चिठ्ठीवर आहे ती. पकडली मुकुंदराव. आणि खाली लिही: ओळखली इंदुताई.”

“माझं नाव कशाला काका! शोभत नाही.”

“शोभायचा प्रश्न नाही. कुणी पाहिलं ते लिहावं लागतं. आमचाही नेम असतो गं, तुझ्यासारखा. तो मोडून चालत नाही.”

इंदुताईंनी लिहिलं. आपलं नाव लिहिताना अक्षर जरा बारीक आलं. मग दोघांनी मिळून मलमल सोडली. दोघे भाऊ लगेच कौलांवरून गेले. बहीण काचेच्या काठावर बसून राहिली, पंख हळूहळू उघडझाप करत, जणू नवीन लुगड्याची निरी बघून घेत होती. मुकुंदरावांना दिसत नव्हतं. “गेली?” ते विचारत राहिले. “अजून नाही,” इंदुताई सांगत राहिल्या. “आता मिशा हलवतेय. आता पुढचे पाय पुसतेय. आता... गेली काका. दौलतगंजाकडे गेली.”

दिवाळीत काचेतले उरलेले सहाही उडून गेले, आणि नवं राज्य आलं. वर्तमानपत्रं आली, चौकात भाषणं झाली. भोपाळहून माधवरावांचं पत्र आलं, की इथं कचेऱ्यांत खुर्च्या कमी आणि माणसं जास्त झालीत. आणि तू फुलपाखराचं पोट दाखवायला इतक्या लांब येणार म्हटल्यावर आमचे साहेब हसले, पण ये म्हणाले. तपासनिसांना आधी कळवून ठेवलंय, मी कुठल्याही टाचणीला हात लावणार नाही, निश्चिंत ये.

सात तारखेला बुधवार होता. इंदुताई पहाटे उठल्या, स्नान केलं आणि देवळात जाऊन त्या दिवसाचा बेल वाहिला. रोजच्यासारखाच, घाई केली नाही, एक पानही जास्त वाहिलं नाही. पुजाऱ्याची बायको शामला गाभाऱ्याबाहेर झाडत होती. “उद्या किती आणू बेल?” तिनं विचारलं.

“उद्या नको,” इंदुताई म्हणाल्या. “कार्तिकीपर्यंत नको. मी गावाला चालले.”

शामलाचा झाडू थांबला. “आणि लाखोली?”

“राहिली ती.”

शामला आणखी काहीतरी विचारणार होती, पण इंदुताईंचा चेहरा बघून तिनं पुन्हा झाडायला सुरुवात केली.

घरी येऊन त्यांनी दशम्या बांधल्या. मुकुंदरावांची टाचणी धरायची बारीक चिमटी रुमालात गुंडाळली. ती चिठ्ठी वहीच्या दोन पानांत सपाट ठेवली आणि वही पिशवीत तळाशी. कढीलिंबाखाली एक क्षण उभ्या राहून त्यांनी दाराला कुलूप घातलं. मुकुंदरावांच्या ओट्यावर अजून ऊन आलं नव्हतं आणि दार लोटलेलं होतं. त्यांना उठवावंसं इंदुताईंना वाटलं नाही.

पिशवी खांद्याला लावून त्या गल्लीबाहेर आल्या. कोपऱ्यावर एक टांगा उभा होता. भाडं ठरवून त्या मागे बसल्या, आणि टांगा स्टेशनच्या रस्त्याला लागला.